सगळ्यांना सगळं पाठवणं बंद केलं, त्याची गोष्ट

चाकण एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी एचआरला आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण उद्या परत त्याच गेटने आत जायचंय. प्रेस शॉप, वेल्ड शॉप, पेंट शॉप आणि एक असेंब्ली लाईन, तीन शिफ्ट, साधारण चाकणातल्या कुठल्याही मध्यम कंपनीत असतं तसंच सगळं. २०२३ च्या उन्हाळ्यात हेड ऑफिसवरून फर्मान आलं की कर्मचाऱ्यांसाठी घेतलेलं अ‍ॅप कोणी उघडत नाहीये, सर्क्युलर कोणी वाचत नाहीये, तर प्लांट एचआरने 'एंगेजमेंट वाढवावी'. आणि हे काम, नेहमीप्रमाणे, ज्याच्याकडे कमी काम आहे असं साहेबांना वाटतं त्याच्याकडे म्हणजे माझ्याकडे आलं.

आता आमच्याकडे माहिती द्यायची पद्धत काय होती ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. हेड ऑफिसमधून इंग्रजीत पीडीएफ यायची, दोन-तीन पानांची, वर लोगो, खाली साहेबांची सही. ती 'ऑल एम्प्लॉईज' अशा मेल ग्रुपवर जायची. या ऑल एम्प्लॉईजमध्ये ऑपरेटर नसायचेच, कारण ऑपरेटरला कंपनीचा मेल आयडीच नाही! मग तीच पीडीएफ प्रिंट काढून गेटजवळच्या काचेच्या बोर्डात लावायची, बोर्डाची किल्ली अ‍ॅडमिनकडे, अ‍ॅडमिनवाले जेवायला गेले की बोर्ड बंद. आणि तीच पीडीएफ अ‍ॅपवर. अ‍ॅपला लॉगिन करायला ओटीपी, आणि ओटीपी कुठे येणार तर मेल आयडीवर. म्हणजे हे अ‍ॅप कोणी उघडत नाही याचं आश्चर्य वाटणाऱ्यांचंच मला आश्चर्य वाटायला लागलं.

बोर्ड लावण्यामागे कायदा पण असतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. फॅक्टरी अ‍ॅक्ट १९४८ चं कलम १०८ सांगायचं की कायद्याचा गोषवारा आणि नोटिसा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजते त्या भाषेत, मेन गेटजवळ किंवा गेटच्या आसपास सहज दिसेल अशा जागी लावायच्या. आमच्याकडे ते इमानदारीत लावलेलं होतं, इन्स्पेक्टर आले की दाखवायला. मराठीत पण होतं, पण ते मराठी असं की वाचताना वकिलाला पण घाम फुटावा.

तर मी काय केलं, अ‍ॅप बाजूला ठेवलं आणि टाईम ऑफिसच्या खिडकीवर जाऊन बसले. टाईम ऑफिस म्हणजे पंचिंग, गेट पास, रजेचे अर्ज, कॅन्टीनचं कूपन, पगाराची तक्रार, सगळ्याचा तोडगा जिथे निघतो ती जागा. तिथे एक काका आहेत, कंपनी सुरू झाली तेव्हापासूनचे. त्यांना म्हणलं काका, तुम्हाला दिवसभर लोक काय काय विचारतात ते मला लिहून ठेवायचंय. ते हसले, म्हणाले, "मॅडम, लिहायचं कशाला, मी तारखेवरून सांगतो. एक ते पाच ओटी (ओव्हरटाईम), सात ते दहा पगार, पंधराच्या पुढे रजा, आणि सणाच्या आधी बस." आणि खरंच सांगते, वहीत नोंदी करत गेले तर काकांचं कॅलेंडर जवळजवळ जसंच्या तसं निघालं.

त्या वहीतून पहिली गोष्ट कळली ती अशी, की माहिती कमी पडत नव्हती, विचारला जाणारा प्रत्येक प्रश्न कुठल्या ना कुठल्या सर्क्युलरमध्ये होता. पण सर्क्युलरची सुरुवात 'कंपनीच्या धोरणानुसार' अशी व्हायची आणि माणूस खिडकीवर येऊन विचारतो की माझे शंभर रुपये कुठे गेले. मधे कोणी पूल बांधलाच नव्हता.

शंभर रुपयांचंच सांगते कारण ते दरवर्षी होतं. महाराष्ट्रात व्यवसाय कर महिन्याला २०० रुपये कापला जातो, ज्याचा पगार दहा हजारांच्या वर आहे त्याचा, आणि फेब्रुवारीत ३०० कापतात. कारण वर्षाची मर्यादा २,५०० आहे, ती राज्यघटनेतच घातलेली आहे, मग ११ महिने दोनशे आणि एकदा तीनशे, हिशोब बरोबर. पण मार्चच्या सात तारखेला पगार हातात आला की खिडकीवर हीऽऽ रांग. कोणी म्हणतं सोसायटीचे जास्त कापले, कोणी म्हणतं लेट पंचचे कापले, आणि कॅन्टीनमध्ये तर एकदा असं पसरलं होतं की साहेबांच्या मुलीच्या लग्नाला कंपनीने वर्गणी काढली. असं काही नव्हतं, पण खरं काय ते कोणी सांगितलंच नाही तर लोक काहीतरी जुळवणारच.

तर पगाराच्या स्लिपेपासून सुरुवात केली. स्लिप सॉफ्टवेअरमधून इंग्रजीत निघते, ती बदलायची तर हेड ऑफिस, आयटी, व्हेंडर, खर्च, म्हणजे आपल्या रिटायरमेंटपर्यंत होणार नाही. पण स्लिपेची मागची बाजू कोरी असते! त्या कोऱ्या बाजूवर आम्ही मराठीत छापायला लागलो. वर एक छोटी चौकट, तिचं नाव 'या महिन्यात वेगळं काय'. बस एवढंच. बाकीचं रोजचं तेच असतं, ते सांगायची गरज नाही, माणसाला बदल कळायला हवा. फेब्रुवारीच्या स्लिपेवर लिहिलं, 'या महिन्यात व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० कापलाय. दरवर्षी फेब्रुवारीत असाच कापतात, पुढच्या महिन्यात परत २००.' जूनच्या आणि डिसेंबरच्या स्लिपेवर कामगार कल्याण निधीचं, कारण तो वर्षात दोनदाच कापतात आणि लोकांना वाटतं कोणीतरी चहापाण्याचे काढले. तो आधी १२ रुपये होता, २०२४ च्या जूनपासून २५ झाला, तेव्हा तर चौकट नसती तर काकांना खिडकी बंद करून पळायची वेळ आली असती.

आणि इथेच कळलं की एकच चौकट सगळ्यांना चालत नाही. एप्रिल २०२३ पासून महिलांना २५ हजारांपर्यंत पगार असेल तर व्यवसाय कर नाही असं सरकारने केलं. आमच्या असेंब्ली लाईनवर बहुतेक मुली, बायका आहेत. त्यांचे २०० रुपये कापणं बंद झालं, शेजारच्या लाईनवरच्या पुरुषांचं चालूच. त्यावरून आधी गंमत, मग चिडचिड, मग सरळ खिडकीवर येऊन 'आमच्यावर अन्याय'. यात लाईनवरच्या बायकांना वेगळी ओळ हवी होती आणि पुरुषांना वेगळी. तेव्हापासून चौकटीचे प्रकार केले. कायम ऑपरेटर, ट्रेनी, महिला, आणि ज्यांचा ईएसआय, म्हणजे सरकारचा कामगार विमा, चालू आहे ते. पे-रोलच्या मुलाने एक्सेलमध्ये कॉलम करून दिला, मेल मर्ज लावलं, ज्याच्या त्याच्या स्लिपेमागे ज्याची त्याची ओळ. सॉफ्टवेअर कंपनीला एक रुपया दिला नाही.

ईएसआयचा विषय जरा सविस्तर लिहिते कारण चुकीच्या वेळी माहिती मिळणं आणि अजिबात न मिळणं यात काही फरक नसतो हे मला तिथे पटलं. ईएसआयची मर्यादा २१ हजार. पगारातून पाऊण टक्का कापतात, कंपनी सव्वातीन टक्के भरते. आता समजा एखाद्याचा पगार २०,६०० आहे आणि जुलैच्या इन्क्रिमेंटनंतर २१,४०० झाला. लोकांना वाटतं लगेच ईएसआय बंद. तसं नाही, एप्रिल ते सप्टेंबर हा एक हप्ता आणि ऑक्टोबर ते मार्च दुसरा, मधेच मर्यादा ओलांडली तरी तो हप्ता संपेपर्यंत कपात चालू राहते. म्हणजे सप्टेंबरपर्यंत कापणार, ऑक्टोबरपासून बंद. आणि एप्रिल ते सप्टेंबर भरलेल्या वर्गणीवर आजारपणाची भरपाई वगैरे पुढच्या जानेवारी ते जून या काळात मिळते.

हे सगळं सर्क्युलरमध्ये होतं बरं का, दुसऱ्या पानावर, तिसऱ्या परिच्छेदात. पण ते कधी आलं होतं, तर एप्रिलमध्ये, आणि आलं होतं सगळ्यांना, ज्यांचा पगार १४ हजार आहे त्यांना पण आणि ज्यांचा ६० हजार आहे त्यांना पण. ज्या पंधरा-वीस पोरांचा पगार त्या वर्षी २१ हजार ओलांडणार होता त्यांना ते जुलैमध्ये हवं होतं, आणि त्यांना नुसता नियम सांगून भागणार नव्हतं, पुढे काय करायचं तेही. वेल्ड शॉपच्या एका मुलाची बायको गरोदर, चिंचवडला मोहननगरच्या ईएसआय हॉस्पिटलमध्ये नाव घातलेलं, त्याला कोणीतरी कॅन्टीनमध्ये सांगितलं की तुझा पगार वाढला आता तुझं कार्ड बंद. तो बिचारा इन्क्रिमेंट नको म्हणून सांगायला आला होता. त्याला बसवून तारखा लिहून दिल्या, कंपनीचा मेडिक्लेम कधी चालू होईल ते लिहून दिलं, त्यात बाळंतपण येतं का ते विमावाल्याला फोन करून विचारलं. त्यानंतर आता जुलैत इन्क्रिमेंटची पत्रं निघताना पे-रोलमधून यादी काढतो, २१ हजार कोण कोण ओलांडतंय, आणि फक्त त्यांनाच एक अर्ध्या पानाचा कागद देतो, समोर बसवून. बाकीच्यांना त्यातलं एक अक्षर पाठवत नाही.

न पाठवणं, हाच खरं तर निम्मा उद्योग आहे. हेड ऑफिसला हे पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. तिथल्यांचं म्हणणं, माहिती जास्त गेली तर बिघडलं कुठे, ज्याला नको तो वाचणार नाही. बिघडतं ते असं. २०२३-२४ पासून इन्कम टॅक्सची नवी पद्धत डीफॉल्ट झाली, तर फायनान्सने सगळ्यांना लांबलचक मेल टाकला, जुनी का नवी ते कळवा, नाही कळवलं तर नवीप्रमाणे टीडीएस कापू. सुपरवायझर लोकांनी तो मेल जसाच्या तसा लाईनच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. आता ज्याचं वर्षाचं उत्पन्न तीन लाख त्याला दोन्हीकडून टॅक्स शून्य, नव्या पद्धतीत तर त्या वर्षी सात लाखांपर्यंत काही भरायचंच नव्हतं. पण त्याने वाचलं काय, तर 'कापू'. दोन दिवस लाईनवर दुसरा विषय नाही. एकाने गावाकडच्या सीएला फोन करून पाचशे रुपये पण दिले म्हणे. पुढच्या वर्षी फायनान्सला सांगितलं की ज्यांचा टॅक्स खरंच बसतो तेवढ्यांनाच मेल टाका, आणि त्यात ज्याच्या त्याच्या नावाने दोन आकडे लिहा, जुन्या पद्धतीत इतका, नव्यात इतका. इंजिनिअर मंडळीसुद्धा खूश, कारण त्यांना पण कॅल्क्युलेटर घेऊन बसायचा कंटाळाच असतो, फक्त ते कबूल करत नाहीत.

आता व्हॉट्सअ‍ॅप. शॉप फ्लोअरवर मोबाईल बंदी आहे, लॉकरमध्ये ठेवायचा, आणि ते बरोबरच आहे, प्रेसवर हात असताना मोबाईल म्हणजे बोटं गेली समजा. पण आम्ही मेसेज टाकायचो सकाळी साडेदहाला, कारण एचआर साडेनऊला येतं, चहा पितं आणि साडेदहाला मेसेज टाकतं. तेव्हा पहिली शिफ्ट मशीनवर, तिसरी शिफ्ट झोपलेली, दुसरी शिफ्ट बाजारात नाहीतर शेतात. लोक फोन बघतात कधी, तर बसमध्ये. पहिली शिफ्ट साडेतीनला सुटते, बस निघून तळेगाव चौकात अडकते, चाकणचं ट्रॅफिक ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, तिथे अर्धा तास आरामात जातो आणि तो अर्धा तास आमचा! पावणेचारला टाकलेला मेसेज सगळे वाचतात. दुसऱ्या शिफ्टला दुपारी अडीचच्या सुमारास, ते घरून निघायच्या आधी. तिसऱ्या शिफ्टला रात्री साडेदहा. मी शेड्यूल करून ठेवते, रात्री जागत नाही.

आणि मेसेज म्हणजे पीडीएफ नाही. चार ओळी, नाहीतर आवाज. व्हॉइस नोटची कल्पना माझी नाही, मेंटेनन्सच्या एका फिटरची. तो म्हणाला मॅडम आमच्या रूमवर आठ जण राहतो, त्यात दोन ओडिशाचे, दोन बिहारचे, मराठी बोललेलं कळतं त्यांना आता, वाचता येत नाही. हे डोक्यात आलं नव्हतं. तेव्हापासून सुट्ट्या, बसचे बदल, सेफ्टीचं काही असेल तर मराठीत एक आणि हिंदीत एक अशी मिनिटभराच्या आतली व्हॉइस नोट. हिंदी माझं 'आपके को बस लगेगी' टाईपचं आहे त्यामुळे ते स्टोअरवाल्या मिश्राजींसारखं शुद्ध बोलणाऱ्या कोणाकडून तरी करून घेते. ओडियासाठी पेंट शॉपमधलाच एक मुलगा तयार झाला, त्याच्या आवाजातली नोट म्हणजे आता त्यांच्यात स्टेटसला लावतात.

हेड ऑफिसने मधे क्यूआर कोडची पोस्टर पाठवली होती, स्कॅन करा आणि पॉलिसी वाचा. सुंदर छपाई होती. पोस्टर लावलं शॉप फ्लोअरवर, जिथे मोबाईल नेता येत नाही. पुढे काही लिहीत नाही.

सुपरवायझरमार्फत माहिती द्यायची का नाही यावर मात्र माझं मत पूर्ण बदललं. सगळी पुस्तकं, सगळे ट्रेनर सांगतात की कामगाराला माहिती त्याच्या सुपरवायझरकडून मिळाली पाहिजे, त्याच्यावर त्याचा विश्वास असतो. असतो, मान्य. सेफ्टी, क्वालिटी, टार्गेट, मशीनचा बदल, हे सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये सुपरवायझरनेच सांगावं, त्याच्याइतकं चांगलं कोणी सांगणार नाही. पण रजा? फॅक्टरी अ‍ॅक्टप्रमाणे वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा बसायची, आणि पुढच्या वर्षात ३० दिवसांपर्यंतच नेता यायची. म्हणजे डिसेंबरच्या आधी माणसाला कळलं पाहिजे की तुझ्या किती शिल्लक आहेत आणि किती बुडणार आहेत. हे सांगायचं काम ज्याच्याकडे दिलं होतं त्याचीच लाईन माणसं रजेवर गेली की बंद पडते! मग तो कशाला सांगेल? तो वाईट माणूस नाही, त्याला वरून टार्गेटचा दट्ट्या आहे. त्यामुळे ज्या माहितीने सुपरवायझरची पंचाईत होते ती त्याच्या हातात द्यायची नाही, ती सरळ स्लिपेवर छापायची. आता ऑक्टोबरपासून प्रत्येकाच्या स्लिपेमागे 'शिल्लक रजा इतक्या, ३१ डिसेंबरला बुडतील इतक्या' असं येतं. ज्याच्या बुडणार नाहीत त्याला ती ओळच येत नाही. यावरून प्रॉडक्शनच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून चांगलं झापलं, दिवाळीनंतर लाईन कोण चालवणार म्हणून. मी म्हणलं सर, वर्षभर थोड्या थोड्या दिल्या असत्या तर. त्यावर त्यांनी चहा मागवला, म्हणजे विषय मिटला.

युनियनचा बोर्ड गेटच्या आतच आहे, फळ्यासारखा, खडूने लिहितात. तो सगळे वाचतात. मी युनियनच्या सेक्रेटरींना विचारलं, भाऊ, तुमचा बोर्ड कसा काय वाचतात सगळे? ते म्हणाले, "आम्ही आधी लिहितो तुला किती मिळणार. मग लिहितो कधी. का मिळणार ते सभेत सांगतो." एवढ्या एका वाक्यात माझ्या एमबीएचं अख्खं सेमिस्टर आलं. वेतन कराराच्या वेळेस तर कंपनीची अधिकृत नोटीस लागेपर्यंत युनियनच्या फळ्यावर ग्रेडप्रमाणे आकडे लागलेले असतात, आमचं म्हणजे वरातीमागून घोडं.

कंत्राटी कामगारांचं प्रकरण सगळ्यात अवघड आणि त्याबद्दल कोणी उघड बोलत नाही. आमच्याकडे निम्म्याच्या आसपास माणसं ठेकेदाराची. त्यांना कंपनीने काहीही कागद द्यायचा म्हणलं की लीगलवाले हात वर करतात. कारण असं की उद्या कोर्टात कोणी म्हणलं की हे ठेकेदार नावापुरते आहेत, खरे मालक कंपनीच, तर कंपनीच्या लेटरहेडवरचे पगाराचे कागद, रजेच्या नोटिसा हे सगळं पुरावा म्हणून पुढे येतं. म्हणजे ज्याला माहितीची सगळ्यात जास्त गरज, ज्याला पीएफ कुठे जातो माहीत नाही, यूएएन म्हणजे पीएफचा कायमचा नंबर ठेकेदाराच्या डायरीत, त्यालाच काही सांगायचं नाही. यावर बराच खल झाला. शेवटी मधला मार्ग असा निघाला की सेफ्टी, आग लागली तर कुठे जमायचं, अपघात झाला तर कोणाला फोन, पिण्याचं पाणी, कॅन्टीन, बस, हे कंपनी सगळ्यांना सांगणार, त्यात कायम आणि कंत्राटी असा भेद नाही, मशीनला काय माहीत कोण कोणाच्या पे-रोलवर आहे. आणि पगार, पीएफ, ईएसआयचं ठेकेदाराने त्याच्या लेटरहेडवर द्यायचं, पण नमुना आम्ही करून देणार, आणि ते दिलं का नाही हे त्याचं बिल पास करताना बघणार. बिल अडतं म्हणल्यावर ठेकेदार लोक काय वेगाने हलतात!

त्या नमुन्यात सगळ्यात उपयोगी पडलेली ओळ म्हणजे पीएफची मिस्ड कॉलची. यूएएनला जोडलेल्या मोबाईलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल द्यायचा, शिल्लक मेसेजने येते, पैसे लागत नाहीत, स्मार्टफोन लागत नाही. यूएएन अ‍ॅक्टिव्ह असायला हवा आणि केवायसी झालेली हवी, तिथेच बऱ्याच जणांचं घोडं अडलं, पण अडलं हे तरी कळलं. हेल्परचं काम करणारी एक मावशी आहे, तिने मिस्ड कॉल दिला आणि मेसेजमधला आकडा मला वाचायला दिला, मी वाचून दाखवला तर म्हणे, "एवढे माझे?" आणि मग लगेच दुसरा प्रश्न, "मग मागच्या ठेकेदाराकडचे?" तो प्रश्न आमच्या नमुन्यात नव्हता, पुढच्या महिन्यात घातला.

कायम लोकांचा पीएफचा प्रश्न वेगळा असतो. ते पासबुक उघडून बघतात आणि विचारतात की माझे १,८०० कापले, कंपनी पण तेवढेच भरते म्हणता, मग कंपनीच्या रकान्यात ५५० च का? कारण कंपनीच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनमध्ये जातात, पीएफ १५ हजार पगार धरून कापतात, त्याचे ते होतात १,२५०, उरलेले ५५० पीएफमध्ये. बाराशे पन्नास अधिक साडेपाचशे, झाले अठराशे. पासबुकात पेन्शनचा तिसरा रकाना असतो तो कोणी बघत नाही. हे आम्ही पासबुकाचा फोटो काढून त्यावर तीन बाण मारून दाखवलं, खाली एक शब्द लिहिला नाही. बाणवाला फोटो बाहेरच्या कंपन्यांमध्ये पण फिरला, माझ्याच दिराने भोसरीहून मला फॉरवर्ड केला, 'वहिनी बघा किती सोपं करून सांगितलंय, तुमच्या कंपनीत असलं काही करा'.

एक जागेची गोष्ट राहिली. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीची माहिती ठळक जागी लावावी लागते. आमच्याकडे ती रिसेप्शनला होती, फ्रेम करून, इंग्रजीत. रिसेप्शनला कोण येतं, तर व्हेंडर आणि ऑडिटर. असेंब्लीच्या मुली दोन नंबर गेटने येतात, त्यांनी ते रिसेप्शन कधी आतून पाहिलंही नसेल. मग ठरवलं कॅन्टीनमध्ये लावू. लावलं, तर असेंब्लीतल्या एका ताईंनी बाजूला घेऊन सांगितलं, मॅडम, तिथे उभं राहून वाचणार कोण? वाचताना कोणी बघितलं की झालं, हिला काय झालं म्हणून सगळी कॅन्टीन विचारणार. त्या बरोबर बोलत होत्या. आता ते महिलांच्या चेंजिंग रूममध्ये आहे, दाराच्या आतल्या बाजूला, समितीतल्या बायकांचे फोटो आणि मोबाईल नंबर मोठ्या अक्षरात. कॅन्टीनमधलं पण ठेवलंय, ते पुरुषांनी वाचायचंय.

हे सगळं करून अ‍ॅपचं काय झालं म्हणाल तर अ‍ॅप आहे, ओटीपी आता मोबाईलवर येतो, रजेचा अर्ज आणि स्लिप त्यावर मिळते म्हणून लोक उघडतात. बातम्या वाचायला कोणी उघडत नाही आणि मी आता त्याचं वाईट वाटून घेत नाही. हेड ऑफिसला दर महिन्याला किती जणांनी काय 'ओपन' केलं याचा आकडा हवा असतो तो मी पाठवते. मला स्वतःला खरा आकडा काकांच्या वहीत दिसतो, एकच प्रश्न चार जणांनी विचारला की समजायचं कुठेतरी सांगायचं राहिलंय.

आता तर नवीनच काम आलंय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही लेबर कोड, म्हणजे फॅक्टरी अ‍ॅक्टसारख्या जुन्या कायद्यांच्या जागी आलेले नवे कामगार कायदे, लागू झाले आणि हेड ऑफिसने चाळीसेक स्लाईडची पीपीटी पाठवली, 'सर्व कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचवा'. ती मी अजून कोणालाच पाठवलेली नाही. आधी वही घेऊन खिडकीवर बसले. तर कायम ऑपरेटर विचारतायत, बेसिक एकूण पगाराच्या पन्नास टक्के करणार म्हणे, मग हातात कमी येणार का? त्यांच्यातल्या ज्यांचा पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवरच कापला जातो त्यांच्या पीएफच्या कपातीत यामुळे फरक पडायचं कारण नाही, हे त्यांना आधी सांगायचंय. फिक्स्ड टर्मवाली, म्हणजे ठराविक मुदतीच्या करारावरची, पोरं विचारतायत ग्रॅच्युइटी वर्षात मिळणार हे खरं का, त्यांच्यासाठी वेगळा कागद करतेय. सुपरवायझर विचारतायत ओटीचं काय. आणि ठेकेदाराची माणसं अजून काहीच विचारत नाहीयेत, त्यांच्यापर्यंत बातमीच गेलेली दिसत नाही. सोमवारी ठेकेदारांना बोलावलंय, बिलं घेऊन या म्हणून सांगितलंय.